भेटीच्या वेळचं दही

सानिका, नील,

तुमच्या आईचं ऑपरेशन ठरल्यापासून तुम्ही दोघं फोनवर मला एकच विचारताय: आजी, आम्ही हॉस्पिटलात जाऊन नेमकं करायचं काय? फुलं न्यायची की फळं, बोलायचं की गप्प बसायचं? मी सांगते त्यातलं अर्धं तुम्ही ऐकता आणि उरलेल्या अर्ध्याला "ओके आजी" म्हणता. म्हणून लिहायला बसले. ओळखीच्या एका संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी "तुमच्या नोकरीतलं काहीतरी द्या" असा तगादा लावला होताच. त्यांनाही हेच देणार आहे. पण लिहिते आहे तुमच्यासाठी, हे त्यांना ठाऊक आहे.

मी नर्स होते एवढं तुम्हाला माहीत आहे. गिरगावातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, चपलासुद्धा एका रेषेत काढून ठेवणारी मुलगी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात कामाला लागली, तेव्हा माझे वडील कितीतरी दिवस माझ्याशी आईच्या मार्फत बोलत होते. "तिला विचार, चहा घेणार का?" मी समोरच बसलेली असे.

वॉर्डातलं काम म्हणजे इंजेक्शनं आणि औषधं, असं बाहेरच्यांना वाटतं. तो लहान भाग. मोठा भाग म्हणजे माणसं सांभाळणं, आणि त्यातही पेशंटपेक्षा पेशंटची माणसं. चार वाजता भेटीची घंटा झाली की जिन्यावरून जो लोंढा वर येई, त्यात डबे असत, अंगारे असत, भांडणं असत आणि प्रेमही असे. सगळं एकदमच वर येई. शीव कोळीवाड्याहून एक कोळीण रोज नवऱ्याला भेटायला यायची. त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी फक्त साखरेचं पाणी सांगितलेलं. एकदा तिच्या पदराखालून माशाच्या साराचा वास आला. मी डबा मागितला, तर म्हणते, "अगो सिस्टर, खायला नाय आणलंय. त्याला वास तर घेऊ दे! वासानं कोण मेलाय?" मी त्याला वास घेऊ दिला. डबा मात्र माझ्या हातात धरून ठेवला.

ऑपरेशनला न्यायच्या आधी अंगठ्या, गंडे, करगोटे सगळं काढावं लागे. बोट सुजलं तर अंगठी रुतते, म्हणून. त्यावरून रोज रडारड व्हायची. डिलाइल रोडच्या एका चाळीतला माणूस होता, त्याच्या घरच्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. त्याच्या दंडावर काळा दोरा दिसला म्हणून मी जरा चाचरतच कात्री घेऊन गेले. त्यानं दंड पुढे केला. "काप, काप. हा माझा नाय. सासूबाई अजून जुन्या देवांना सोडायला तयार नाय, तिनं झोपेत बांधला." त्याची बायको पायाशी उभी होती. "माझ्या आईला नावं ठेवू नका, आधी बरे होऊन या," असं तिनं सुनावलं आणि तो दोरा उचलून पदराच्या टोकाला बांधला.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. सकाळी कामावर यावं तेव्हा परळचा नाका नेहमीसारखा असे आणि दुपारी खिडकीतून पाहावं तर दुकानांच्या फळ्या पटापट पडत असत. अश्रुधुराचा वास वॉर्डापर्यंत यायचा. पेशंट खोकायला लागत आणि आम्ही ओल्या पट्ट्या वाटत फिरायचो. अशाच एका दिवशी सकाळपाळीला लालबागच्या एका गिरणीतून शांताराम नावाच्या तरुणाला आणलं. मशीनच्या दातेरी चाकात त्याचा उजवा हात कोपराच्या खालपर्यंत सापडला होता. हाताला तेल, वंगण आणि कापसाचे धागे चिकटलेले. पण बोटांच्या टोकांना अजून थोडी ऊब होती. मोठ्या डॉक्टरांनी ती बोटं आपल्या बोटांत धरून पाहिली आणि मला इंग्रजीत म्हणाले, "आज साफ करून शिवला तर हा हात राहील. उद्यापर्यंत थांबलो तर कापावा लागेल."

शांतारामला इंग्रजी येत नव्हतं, पण डॉक्टरांचा चेहरा वाचता येत होता. ते गेल्यावर त्यानं विचारलं, "सिस्टर, काय म्हणाले?"

"आज ऑपरेशन करू म्हणाले."

"आणि नाय केलं तर?"

मी खरं सांगितलं. पेशंटला खरं सांगावं, असं मला तेव्हाही वाटायचं. त्यानं त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "उजवा आहे हो सिस्टर."

पण ऑपरेशन होईना. शहरात दंगल उसळलेली, रस्ते बंद, आणि भूल देणारे डॉक्टर वाटेत अडकलेले. ते पोलिसांच्या गाडीतून येणार असा निरोप आला. तोवर वाट पाहणं एवढंच हातात होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या आईलाही तिथले लोक हेच सांगतील. भूल देताना पोट रिकामं लागतं. भूल चढली की माणसाचा घसा जागा राहत नाही. पोटात काही असेल आणि ते वर आलं, तर श्वासनलिकेत उतरतं. ऑपरेशन उत्तम होतं आणि माणूस श्वास कोंडून जातो. त्या काळी ईथर हुंगवून भूल देत, आणि ईथरने मळमळ हमखास व्हायची. नुसता हात बधिर करायची आजच्यासारखी भरवशाची सोय आमच्याकडे नव्हती. म्हणून शांतारामच्या पलंगाला मी पाटी लावली, आणि त्याच्या माणसांनाही बजावलं: खायला-प्यायला काही द्यायचं नाही.

त्याची माणसं म्हणजे कोण, तर आई कोकणात, गावी. इथे तो काळाचौकीला गाववाल्यांच्या एका खोलीत राहायचा. एका पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्यांच्याच वळकट्यांवर झोपायचे. या सगळ्यांना जेवू घालणारी, त्याच गावची, एक विधवा बाई होती. खानावळ चालवायची. तिला सगळे काकी म्हणत. ठेंगणी, काटक, नऊवारी गुडघ्याशी खोचलेली. भेटीच्या वेळेला ती खोलीतल्या सगळ्या पुरुषांना घेऊन आली. एरवी दरवान पलंगाजवळ दोघांनाच सोडायचा. त्या दिवशी फाटकाबाहेर लाठ्या चालू होत्या. त्यानं दार उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं. मी त्याला काही बोलले नाही.

पाच वाजून गेल्यावर भूल देणारे डॉक्टर पोचले. त्यांच्या सदऱ्याची एक बाही फाटलेली होती. हात धुवायच्या आधी ते स्वतः शांतारामपाशी आले आणि विचारलं, "आज काही खाल्लंस?"

"सकाळपासून काय नाय."

"पाणी?"

"नाय डॉक्टर. विचारा सिस्टरला."

"हे बघ, खोटं बोलू नकोस, जिवावर बेतेल."

"आईशप्पत."

स्ट्रेचर गेलं. काकी आणि खोलीतले पुरुष जिन्यापर्यंत मागोमाग गेले. मी त्याचा पलंग आवरला आणि हात धुवायला व्हरांड्यातल्या नळाशी गेले. तिथे काकी एक पितळी वाटी विसळत होती. विसळणं काही नीट चाललं नव्हतं, कारण ती एका डाव्या हातानेच वाटी फिरवत होती. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून पाण्यापासून लांब धरलेली.

"काकी, हाताला लागलं का?"

"नाय गो बाय. तो हात आता धुवूचो नाय. शांताराम बाहेर येयसर."

"तो बाहेर येईपर्यंत? का?"

"दही आसा त्या हातार."

मी नळ बंद केला. "कसलं दही?"

"कसला म्हणजे? जाताना दितत ता! तेका आत नेतत, तेका काय रिकामो धाडूचो? तेचो उजवो हात बांधलेलो. डाव्या हातार दही कोण दिता काय? म्हणान मी माझ्या हातार घेतलंय नि तेका भरवलंय."

"मी सांगितलं होतं ना, खायला काही द्यायचं नाही म्हणून?"

"मगे? खावक खंय दिलंय?" ती खरोखरच दुखावली. "पेज हाडलंय ती तशीच डब्यात आसा. तू नको म्हटलंस, मी झाकणसुद्धा उघडूक नाय. दही काय जेवण?"

"किती दिलंत?"

"मी दिलंय चमचोभर. मगे सगळ्यांनी दिल्यानी. गावची माणसा ती. एकान दिला नि दुसऱ्यान नाय, असा चलता काय?"

मी जिन्याकडे पाहिलं. खोलीतले सगळे पायऱ्यांवर बसले होते, खालच्या वळणापर्यंत. वाटी रिकामी होती. दही डॉक्टरांनी विचारायच्या आधीच पोटात गेलं होतं, आणि तरी शांताराम एक अक्षर खोटं बोलला नव्हता. दही खाणं नसतंच. परीक्षेला जाताना, गावाला निघताना, कोर्टात जाताना हातावर दही-साखर घेतो, ते आपण खाण्यात धरतो का? माझ्या गिरगावच्या घरीसुद्धा कुणी धरलं नसतं.

मी धावले. नर्सनं धावायचं नसतं, पेशंट घाबरतात, हे मीच नव्या मुलींना सांगायची.

थिएटरच्या आत वॉर्डातल्या नर्सला मज्जाव. मी दार ढकललं आणि उंबऱ्यावरूनच ओरडले, "सर, थांबा! पोटात दही आहे!"

भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात मास्क होता, शांतारामच्या नाकापासून वीतभर वर. तो तसाच थांबला.

"दही?" त्यांनी खाली पाहिलं. "अरे, मी तुला विचारलं ना?"

"खाल्लं नाय डॉक्टर. ते जाताना दिलेलं."

मोठे डॉक्टर हातमोजे घालून उभे होते. ते चिडले नाहीत, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पोट आपोआप रिकामं व्हायला कितीतरी तास थांबावं लागलं असतं, आणि हाताला तेवढा वेळ नव्हता. शिवाय खालून नुकताच फोन आला होता. गोळीबारातले जखमी आणायला लागले होते. शांताराम टेबलावरून उतरला असता तर त्याची पाळी उद्याच आली असती. थिएटरमधल्या सगळ्यांना हे समजत होतं, त्यालासुद्धा.

"नळी घाला," मोठे डॉक्टर म्हणाले. "पोट धुऊन काढा आणि सुरू करा."

तोंडातून जाडशी रबरी नळी पोटात सोडायची, पाणी घालायचं, उलटं काढायचं. सुखाचं काम नाही, पण होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शांतारामला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दही बाहेर काढणार?"

"हो."

"मग नाय."

"नाही म्हणजे?"

"सगळ्या गावानं दिलंय ते. ते ओकून टाकलं तर मी या टेबलावरून परत उठत नाय. हात गेला तर जाऊ दे. मला खाली न्या." आणि त्यानं आपला चांगला, डावा हात तोंडावर गच्च दाबला.

"धरा त्याला," मोठे डॉक्टर म्हणाले.

"नको," भूल देणारे म्हणाले. "दात आवळले तर नळी जात नाही, आणि झटापटीत उलटी झाली तर जे टाळायचं तेच होईल."

मी शांतारामच्या डोळ्यांकडे पाहिलं. हट्टी माणसं मी खूप पाहिली होती. हा हट्ट नव्हता. तो घाबरला होता, आणि पोटातल्या त्या दह्याखेरीज त्याला धरायला काही नव्हतं. मी कितीही छान मराठीत श्वासनलिका समजावली असती, तरी त्याने काय झालं असतं?

"सर, मी त्याच्या माणसाला आणते," मी म्हटलं.

थिएटरच्या मुख्य सिस्टर मध्ये आल्या. "बाहेरचं माणूस? इथे? तुम्हाला वेड लागलंय का?"

"दारापर्यंत आणते. आत नाही."

मी काकीला जिन्यावरून अक्षरशः ओढत आणलं. वाटेत सगळं सांगितलं: वाट बघितली तर हात जाईल, दह्यासकट भूल दिली तर जीव जाईल, आणि तो नळी घालू देत नाही. तिनं एकदाच विचारलं, "दह्यान मरतलो?"

"दह्यानं नाही. ते वर आलं तर."

मी तिच्या लुगड्यावरून पांढरा गाऊन अडकवला, तो जमिनीवर लोळत होता. अनवाणी ती दारात उभी राहिली. एवढे दिवे, एवढी हत्यारं तिनं एकदा नजरेखालून घातली. मग तिनं हाक मारली.

"शांताराम. ए झिला."

त्यानं मान वळवली. तोंडावरचा हात तसाच.

"दही खंय घेतलंस तू?"

त्याचे डोळे तिच्या मिटलेल्या मुठीकडे गेले.

"माझ्या हातार घेतलंस मा?" तिनं उजवी मूठ उघडून त्याच्यापुढे धरली. तळव्याच्या रेषांत दही सुकून पांढरं झालं होतं. "ह्या बघ. मी पाणी लावूक नाय. दही हातार दितत, पोटात दिणत नाय. तुझो हात बांधलेलो म्हणान माझो हात लावलंय. हातारला दही हातार आसा. तू बाहेर येयसर ह्यो हात असोच रवतलो. पोटात काय गेला ता कोण इचारता? जावंदे ता."

खाली कुठेतरी गाड्यांचे दरवाजे आपटत होते.

"असोच ठेवशील?" शांताराम हाताआडून म्हणाला. एवढा वेळ तो आमच्याशी मुंबईचं बोलत होता. आता घरचं बोलला.

"ठेवतलंय."

"जेवतलंस कसा?"

"मेल्या, माझ्या जेवणाची काळजी तू करतलंस? जेवलंय नाय तर मरणंय नाय. तोंड उघड."

त्यानं हात खाली घेतला.

मी काकीला बाहेर नेलं आणि दार मिटलं. आतून नळीचे आवाज येत होते, शांताराम ओकाऱ्या काढत होता, आणि काकी भिंतीला टेकून प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होती. मग आवाज थांबले. ईथरचा वास आला. त्यानंतर व्हरांड्यात बसून राहण्याखेरीज काही नव्हतं. जखमींचे स्ट्रेचर आमच्यासमोरून जात होते आणि काकी पाय पोटाशी घेऊन वाट देत होती. मूठ मात्र मिटलेली. खोलीतल्या एकानं तिला चहा आणून दिला. तो तिनं डाव्या हातानं घेतला आणि पहिल्यांदाच तक्रार केली: "गरम आसा रे. फुंकर मार."

मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा थकलेले होते. मला म्हणाले, "करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. अंगठा आणि दोन बोटं राहिली. हात राहिला." मी काकीला सांगितलं. तिनं विचारलं, "जेवतलो मा त्या हातान?"

"हो. जेवेल."

ती उठली, नळाशी गेली आणि हात धुतला.

शांताराम त्या मशीनवर परत गेला नाही. तीन बोटांनी ते काम होत नाही. पुढे तो काकीच्याच खानावळीत वाढायला लागला, आणि तिच्यामागे खानावळ त्यानेच चालवली. गोळीबारातल्या ज्या जखमींनी त्या संध्याकाळी स्ट्रेचरवर पडून आमच्यासमोर थिएटरची वाट पाहिली, त्यांच्यातल्या सगळ्यांबद्दल मला असं लिहिता येत नाही.

आता तुमच्या आईबद्दल. पलंगावर बसू नका, खुर्ची घ्या. डॉक्टरांशी तुमच्यातल्या एकानेच बोलावं आणि ते सानिकाने बोलावं, नील मध्ये मध्ये विनोद करतो. तिच्यासमोर कुजबुजू नका. आजारी माणसाला कुजबुज ओरडण्यापेक्षा मोठी ऐकू येते. ती कुठल्या गोळ्या घेते, मी पाठवलेलं आयुर्वेदिक चूर्ण धरून, सगळं सांगा. ती लाजून सांगणार नाही. आणि न्यायच्या आधी नर्सने विचारलं "काही खाल्लं का?" आणि आई नाही म्हणाली, तरी तुम्ही पुन्हा विचारा. खाल्लं का, असं नाही. तोंडात काय गेलं, असं. माझ्या सुनेला मी ओळखते. तिच्या देव्हाऱ्यात तीर्थ असतं, आणि तीर्थ ती खाण्यापिण्यात धरत नाही. मी तिला सांगितलंय की तिच्या नावाचं तीर्थ त्या दिवशी मी इथे घेईन. ती हसली, पण कबूल झाली.

लालबागची ती गिरणी आता नाही. काळाचौकीची खानावळ नाही, काकी नाही, शांतारामही नाही. आमचा वॉर्ड आहे. त्या दिवसापासून तिथे ऑपरेशनच्या पेशंटला "खाल्लंस का" असं विचारणं आम्ही बंद केलं आणि एकेक नाव घेऊन विचारायला लागलो: पाणी, पान, तंबाखू, तीर्थ, अंगारा, दही. मध्यंतरी मी त्याच हॉस्पिटलात मोतीबिंदूसाठी गेले, तर तुमच्याएवढी एक मुलगी माझ्या उशाशी उभी राहून हीच नावं याच क्रमाने म्हणत होती. कुणी शिकवलं, हे तिला ठाऊक नव्हतं. दही म्हटल्यावर ती थांबली, माझ्या उत्तराची वाट पाहिली, आणि मगच पुढे गेली. तिथे अजून असंच विचारतात.